डेव्हिड थॉम्पसन : भूमापक आणि गृहस्थ

मोजणी हा शब्द उच्चारताच तुमच्या डोळ्यांपुढे शेताचा बांध, साखळी, हद्दीचे दगड आणि गावचा नकाशा उभा राहील. आपल्याकडे मोजणीदार येतो तो बहुधा दोन भावांतील वाद मिटवण्यासाठी, आणि त्याच्याजवळ जुना नकाशा असतोच. या पाठात ज्याचे चरित्र तुम्ही वाचणार आहात, त्या डेव्हिड थॉम्पसनच्या हाती असा कोणताही नकाशा नव्हता. आजच्या कॅनडाचा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेला अमेरिकेचा उत्तर भाग त्याने प्रथमच पद्धतशीर मोजला. त्याच्या नकाशात सामावलेले क्षेत्र जवळजवळ ३९ लाख चौरस किलोमीटर भरते. भारताच्या क्षेत्रफळाहून ते मोठे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचा आवाका कळतो.

थॉम्पसनचा जन्म ३० एप्रिल १७७० रोजी लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे झाला. आईवडील मूळचे वेल्सचे. तो दोन वर्षांचा असतानाच वडील वारले. सातव्या वर्षी त्याला ग्रे कोट या धर्मादाय शाळेत घालण्यात आले. तेथे त्याने गणित आणि नौकानयनाला लागणारी विद्या आत्मसात केली. १७८४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हडसन्स बे कंपनीने त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले आणि जहाजाने हडसन उपसागराच्या काठी असलेल्या चर्चिल या ठाण्यावर पाठवले. इंग्लंडला तो पुन्हा कधीही परतला नाही. बीव्हर आणि इतर प्राण्यांची केसाळ कातडी मूलनिवासी शिकाऱ्यांकडून घ्यायची आणि युरोपात पाठवायची, हा या कंपनीचा व्यवसाय. उमेदवाराने हिशेब लिहावेत आणि वरिष्ठांचे ऐकावे, एवढीच अपेक्षा असे.

डिसेंबर १७८८ मध्ये घडलेल्या अपघाताने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. त्याचा पाय मोडला आणि बरा होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. या सक्तीच्या विश्रांतीत कंपनीचा भूमापक फिलिप टर्नर याच्याकडून त्याने खगोलीय निरीक्षणाने स्थान निश्चित करण्याची विद्या घेतली. त्याच काळात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढचे सारे काम त्याने एका डोळ्यावर केले. उमेदवारी संपली की कंपनी कपड्यांचा जोड देत असे. त्याने त्याऐवजी मोजणीची उपकरणे मागितली. कंपनीने त्याला दोन्ही दिले.

ही विद्या नेमकी कशी चालते, हे थोडे समजून घ्या. समुद्रावर क्षितिजाची रेषा दिसते, म्हणून सूर्य किंवा तारा किती उंच आहे हे मोजता येते. जंगलात आणि डोंगरांत ती रेषा मिळत नाही. म्हणून थॉम्पसन पसरट भांड्यात पारा ओतून त्यात तारा पाहत असे. प्रत्यक्ष तारा आणि पाऱ्यातील प्रतिबिंब यांमधील कोन सेक्स्टंट या उपकरणाने मोजायचा आणि त्याचा अर्धा घ्यायचा, की ताऱ्याची उंची मिळते. तीवरून अक्षांश निघतो. रेखांश त्याहून अवघड. चंद्र आणि एखादा तारा यांमधील कोनीय अंतर मोजायचे, त्यावरून छापील खगोलीय पंचांगात त्या क्षणी ग्रिनिच येथे किती वाजले असतील ते शोधायचे आणि स्थानिक वेळेशी ताडून पाहायचे. एका तासाचा फरक म्हणजे १५ अंश. एका निरीक्षणामागे आकडेमोडीची कित्येक पाने, तीही गोठवणाऱ्या थंडीत. मूलनिवासींनी त्याला तारे पाहणारा या अर्थाचे नाव दिले होते. माणसाच्या कामावरून त्याचे नाव पाडण्याची रीत आपल्याही गावांत आहे, तेव्हा त्याचे आश्चर्य वाटू नये.

१७९७ मध्ये त्याने हडसन्स बे कंपनी सोडली आणि प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनीत प्रवेश केला. जुन्या मालकांना एक वर्षाची पूर्वसूचना द्यावयाची होती, ती त्याने दिली नाही. हा ठपका त्याच्या चरित्रकारांनाही पुसता आलेला नाही. नव्या कंपनीने मात्र त्याला मोजणीची मोकळीक दिली.

आता त्याच्या संसाराकडे वळू. १० जून १७९९ रोजी इल-अ-ला-क्रॉस या ठाण्यावर त्याने शार्लट स्मॉल हिच्याशी लग्न केले. तो २९ वर्षांचा होता आणि ती अवघी १३ वर्षांची. आज हे वय आपल्याला खटकते आणि खटकलेच पाहिजे. शार्लटची आई क्री जमातीची, तर वडील पॅट्रिक स्मॉल हे नॉर्थ वेस्ट कंपनीतील भागीदार. हे लग्न धर्मगुरूविना, त्या प्रदेशातील व्यापाऱ्यांच्या रूढीप्रमाणे झाले. या रूढीची दुसरी बाजू कठोर होती. व्यापारी निवृत्त होऊन स्वदेशी निघाला की पत्नी आणि मुले मागे राहत. पॅट्रिक स्मॉल स्वतः १७९१ मध्ये असाच निघून गेला होता. म्हणजे शार्लटने वडिलांचे जाणे लहानपणीच पाहिले होते. थॉम्पसनचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

१८०७ मध्ये त्याने रॉकी पर्वत ओलांडून कोलंबिया नदीच्या उगमाकडील प्रदेशात ठाणे उभारले, तेव्हा शार्लट आणि तीन लहान मुले त्याच्यासोबत होती. पुढच्या वर्षीच्या प्रवासात एका घोड्यावरचे ओझे सरकले आणि मुले त्याच्याखाली चिरडण्याची वेळ आली. घोडा माजला आहे असे समजून थॉम्पसनने त्याला जागीच गोळी घातली. चूक ओझे बांधण्यात होती, हे नंतर त्याला उमगले आणि तेही त्याने रोजनिशीत नोंदवले. त्याच्या सत्तरहून अधिक वह्यांत अंश, कला, वारा, तापमान यांच्या नोंदी मुबलक आहेत, घराविषयीची वाक्ये मात्र मोजकी. म्हणूनच अशी एखादी ओळ चरित्रकाराला मोलाची वाटते. शार्लटच्या हातचे लेखन आपल्यापुढे नाही. तिची बाजू पतीच्या वह्यांतूनच शोधावी लागते, ही या चरित्राची मोठी उणीव होय.

१८११ च्या जानेवारीत त्याने अथाबास्का खिंड ऐन हिवाळ्यात ओलांडली आणि १५ जुलै रोजी कोलंबियाच्या मुखाशी पोहोचला. तेथे अमेरिकन व्यापाऱ्यांनी आधीच ठाणे बांधले होते. तो उशिरा पोहोचला की नाही, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. आपल्या दृष्टीने त्यानंतरचे वर्ष अधिक महत्त्वाचे.

१८१२ मध्ये थॉम्पसनने पश्चिम प्रदेश कायमचा सोडला. हाच तो क्षण, जेव्हा इतर व्यापारी एकटे निघून जात. तो शार्लटला आणि पाचही मुलांना घेऊन माँट्रियलजवळ आला. ३० ऑक्टोबर रोजी माँट्रियलच्या चर्चमध्ये त्यांचे विधिपूर्वक लग्न झाले. पत्नीला आणि मुलांना कायद्याच्या दृष्टीने नाव आणि वारसा मिळावा, यासाठीची ही तजवीज होती. तेरब्बॉन येथील घरात तो आपल्या मोठ्या नकाशाच्या कामास बसला. सुमारे दहा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद असा हा नकाशा १८१४ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, पाच वर्षांचा जॉन जानेवारीत आणि सात वर्षांची एमा फेब्रुवारीत, अशी दोन मुले दगावली. रानावनांतून सुखरूप आलेली मुले शहराजवळच्या घरात गेली. नकाशा पुढे फोर्ट विल्यमच्या भोजनगृहात कंपनीच्या भागीदारांसमोर टांगला गेला.

पुढे आणखी मुले झाली, एकंदर तेरा. १८१७ ते १८२७ या काळात त्याने ब्रिटिश प्रदेश आणि अमेरिका यांची सीमा सेंट लॉरेन्स नदीपासून लेक ऑफ द वूड्सपर्यंत आखण्याचे काम केले. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. ज्या व्यापारी पेढीत पैसे गुंतवले होते तिचे दिवाळे निघाले आणि १८३३ मध्ये तो स्वतःही दिवाळखोर ठरला. सत्तरीत पोहोचलेल्या या माणसाने किरकोळ मोजणीची कामे केली, उपकरणे विकली, अन्नासाठी अंगावरचा कोटही गहाण टाकला. पंचाहत्तरी उलटल्यावर, १८४६ मध्ये, त्याने प्रवासवृत्त लिहावयास घेतले. १८५१ मध्ये उरलेला डोळाही निकामी झाला आणि ते अपुरे राहिले. अखेरची वर्षे पतिपत्नींनी मुलीच्या आणि जावयाच्या घरी काढली.

१० फेब्रुवारी १८५७ रोजी लाँगेई येथे त्याचे निधन झाले. विवाहाला ५७ वर्षे आणि आठ महिने झाले होते. जोसेफ टिरेल या भूशास्त्रज्ञाला पश्चिमेत काम करताना जुन्या नकाशांची अचूकता जाणवली. त्याने थॉम्पसनच्या वह्या शोधून काढल्या आणि १९१६ मध्ये ते प्रवासवृत्त प्रसिद्ध केले. तोवर माउंट रॉयल दफनभूमीतील त्याच्या थडग्यावर खुणेचा दगडही नव्हता. तेथे शेजारीच शार्लट आहे. पतीच्या मागे ती तीन महिनेही जगली नाही. ४ मे १८५७ रोजी ती गेली.