इरावती कर्वे : वंशाचा शोध घेणारी विदुषी

नांदेड, प्रतिनिधी

पणजोबांचे नाव शोधण्यासाठी तहसील कार्यालयाची पायरी चढणे, हा नांदेड व लातूर जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांचा २०२३ नंतरचा अनुभव आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या वर्षी मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि निजामकाळातील दप्तरांवरची धूळ झटकली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांना एकाएकी मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाल्यावर या शोधाला आणखी वेग आला. दुसरीकडे वंश शोधण्याचा एक नवा मार्गही खुला झाला आहे. संगणकावर मागणी नोंदवली की टपालाने एक छोटी नळी घरी येते. तीत लाळ भरून परत पाठवली की काही आठवड्यांत आपले पूर्वज कोणत्या प्रदेशातील, याची टक्केवारी हाती पडते.

दप्तर असो वा नळी, दोहोंपुढचा प्रश्न एकच आहे. आपण कोणाचे? या प्रश्नाचा शास्त्रीय पाठपुरावा करण्यात एका मराठी विदुषीने आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे वेचली. डॉ. इरावती कर्वे यांना मराठी वाचक ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो. परंतु माणसांची डोकी, नाके, उंची आणि रक्तगट मोजत महाराष्ट्र पालथा घालणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई आजच्या वंशशोधाच्या काळात अधिक आठवाव्यात, अशा आहेत.

नदीचे नाव

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. ब्रह्मदेशातील महानदी इरावती हिचे नाव कन्येला मिळाले. वयाच्या सातव्या वर्षी ही मुलगी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत वसतिगृहात दाखल झाली. तेथे तिची मैत्री शकुंतला परांजपे यांच्याशी जुळली आणि रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या घराची दारे तिला खुली झाली. ग्रंथांनी भरलेल्या त्या घरात तिच्या बुद्धीची जडणघडण झाली. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी आणि १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठाची समाजशास्त्रातील पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली. मुंबईत त्यांना डॉ. गो. स. घुर्ये यांच्यासारखा गुरू लाभला. चित्पावन ब्राह्मण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. संशोधनाची सुरुवातच त्यांनी स्वतःच्या जातीपासून केली.

दरम्यान रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे हे स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू. मात्र सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे, हे त्यांना मान्य नव्हते. पती दिनकरराव ठामपणे पाठीशी उभे राहिले, जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधील कवट्या

बर्लिनची कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र संस्था तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे नाव. फिशर यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो मानवी कवटीच्या विषमतेचा. कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. युरोपीय माणसाच्या कवटीत ही विषमता विशिष्ट प्रकारची असावी आणि तिचा संबंध त्याच्या बुद्धिसामर्थ्याशी असावा, असा फिशर यांचा तर्क होता. तो सिद्ध व्हावा, ही अपेक्षा उघड होती.

इरावतीबाईंनी युरोपीय आणि युरोपाबाहेरील कवट्या काटेकोरपणे मोजल्या. आकडे जे सांगत होते, ते गुरूच्या तर्काला धरून नव्हते. विषमता सर्वत्र आढळली, पण तिचा वंशाशी संबंध दिसला नाही. परक्या देशातील, कर्ज काढून आलेल्या, पंचविशीही न ओलांडलेल्या या विद्यार्थिनीने तसे प्रबंधात लिहिले. त्या प्रबंधावर त्यांना बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

या प्रसंगाचे मोल पुढील इतिहासाने अधोरेखित केले. १९३३ नंतर हीच संस्था नाझी राजवटीच्या वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा मुलामा देऊ लागली. त्या मुलाम्याने किती माणसांचे प्राण घेतले, हे जगाला ठाऊक आहे.

गावोगावची मोजमापे

भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. त्यांचा पिंड कार्यालयात रमणारा नव्हता. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्या तेथे प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि त्यांना कार्यक्षेत्र सापडले.

एस.टी., रेल्वे, बैलगाडी, मिळेल त्या वाहनाने त्या हिंडल्या. मोजमापाचे साहित्य बरोबर घेऊन गावात जायचे, लोकांशी बोलायचे, नातेसंबंधांचे शब्द टिपायचे, कोणाचे लग्न कोणाशी होते ते विचारायचे आणि मग शरीराची मापे घ्यायची, अशी ही पद्धत होती. १९४८ मध्ये मराठ्यांच्या शारीरिक मोजमापांवरील त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. १९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील विविध समाजांच्या मोजमापांचा ग्रंथ आला. दांडेकरांच्या संख्याशास्त्राची जोड मिळाल्याने या कामाला वजन प्राप्त झाले. गुजरातमधील लांघणज येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननात प्राचीन मानवी सांगाडे मिळाले, त्यांच्या अभ्यासातही इरावतीबाईंचा वाटा होता.

या साऱ्या खटाटोपामागे एक मूलभूत प्रश्न होता. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती खरोखर एका मूळ पुरुषाच्या वंशातून फुटल्या आहेत काय? मोठी जात दुभंगत जाऊन पोटजाती तयार होतात, असे घुर्ये मानत. शिष्येने येथेही गुरूशी मतभेद नोंदविला. महाराष्ट्रातील कुंभारांकडे पाहून त्यांनी दाखविले की, व्यवसाय एक आणि नाव एक असले तरी त्यांच्यातील गटांची चाके निराळी आहेत, घडविण्याची रीत निराळी आहे आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या, आपापसांत विवाह करणाऱ्या गटांना समाजाने एका नावाखाली गोवले असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९६८ मध्ये कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी ‘करंट अँथ्रॉपॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना मांडली. सामाजिक पायरी एकच असलेले हे आठ गट शरीराच्या मापांत आणि रक्ताच्या गुणांत इतके वेगळे निघाले की, त्यांना एकच समूह मानणे शास्त्रदृष्ट्या योग्य ठरत नव्हते. ज्या समाजात त्या स्वतः जन्मल्या, त्याच्या एकवंशीयतेचा समजच त्यांनी असा तपासून पाहिला.

सात पिढ्यांचे गणित

१९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथाने इरावतीबाईंचे नाव जगभर पोहोचविले. देशाचे चार विभाग पाडून त्यांनी विवाहाचे नियम आणि नात्यांचे शब्द यांची सांगड घातली. वडिलांकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांत विवाह नको, हा धर्मशास्त्राचा दंडक. मात्र दक्षिणेत मामाची मुलगी करणे हीच रीत. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर उभा आहे. आंध्र-तेलंगणाकडे झुकलेले नांदेड आणि कर्नाटकाला खेटलेले लातूर येथील वाचकांना हा सांधा ग्रंथातून समजून घेण्याची गरज नाही. तो घरोघरच्या लग्नपत्रिकांत दिसतो.

आजच्या घरगुती डीएनए चाचण्यांचे गणित याच ठिकाणी अडखळते. सात पिढ्या मागे गेले की प्रत्येकाचे १२८ पूर्वज होतात. आपल्याकडील वंशावळ त्यांपैकी बहुधा एकाचेच नाव सांगते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असोत वा भाटांचे दप्तर, बापाचा बाप हीच तिची वाट असते. चाचणी सर्व बाजूंकडे पाहते, हे खरे. पण प्रत्येक पिढीत आईवडिलांचा निम्मा-निम्माच वारसा पुढे जातो. त्यामुळे दूरच्या काही पूर्वजांचा मागमूसही आपल्या शरीरात उरत नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या आपसांत विवाह करणाऱ्या समाजात दूरचा नातलगही अहवालात जवळचा भासतो. अहवालातील टक्केवारी ही कंपनीकडे जमलेल्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. ज्या भागातील नमुने थोडे, तेथील उत्तर ढोबळ. जातीच्या दाखल्याला तर कागदोपत्री पुरावाच लागतो. लाळेच्या अहवालाने ते काम होत नाही.

धोका आणखी एक आहे. दप्तरातील कागद फार तर हरवतो. जनुकीय माहिती चोरीस गेली तर ती बदलून घेता येत नाही आणि ती एकट्याची नसते, साऱ्या भावकीची असते. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरट्यांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हैदराबादची साक्ष

इरावतीबाईंच्या हाती मोजपट्टी आणि रक्तगट एवढीच साधने होती. त्यांचा प्रश्न मात्र पुढच्या पिढीने अधिक सूक्ष्म साधनांनी हाताळला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज यांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेल्या संशोधनातून २००९ मध्ये असे दिसले की, भारतातील बहुतेक सारे समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडले आहेत. २०१३ मधील पुढील अभ्यासाने हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाल्याचे दाखविले. जातीबाहेर विवाह न करण्याची कडक रीत त्यानंतरची. २०१९ मध्ये राखीगढी येथील हडप्पाकालीन स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनए वाचला गेला. त्या उत्खननाचे नेतृत्व डॉ. वसंत शिंदे यांनी, म्हणजे इरावतीबाईंच्याच डेक्कन कॉलेजने केले होते.

बंदिस्त गट दीर्घकाळ टिकले, हे इरावतीबाईंचे निरीक्षण या संशोधनाशी जुळते. ते गट मुळापासून वेगळे होते, हे मात्र इतके सरळ राहिले नाही. आधी सारे मिसळले आणि मग दारे लागली, असा हा इतिहास आहे. जात हेच मोजणीचे एकक धरल्यामुळे जात ही शारीरिक वस्तू असल्याचा समज बळावतो, अशी टीकाही त्यांच्या पद्धतीवर झाली आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. बर्लिनमध्ये शिकलेली मोजपट्टी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्या मोजपट्टीने कोणाला उच्च-नीच मात्र ठरविले नाही.

मोजपट्टीपलीकडचा माणूस

मोजपट्टी बाजूला ठेवून माणसे पाहण्याची त्यांची दृष्टी ललित लेखनात प्रकटली. १९४९ च्या ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात त्या पंढरीच्या वारीत चालताना दिसतात. एकाच विठ्ठलाचे नाव घेणाऱ्या दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते, याचे शल्य त्यांनी लपविले नाही. ‘युगान्त’मध्ये तर वंशाचा प्रश्न थेट महाभारताला विचारला. युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा, हा त्यांचा तर्क अनेकांना रुचला नाही. जन्माचे कोडे न सुटल्याने कर्णाची झालेली फरपट त्यांनी निर्ममपणे मांडली. या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. कोयना धरणामुळे उठलेल्या गावकऱ्यांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. मूळ गाव हरवले की वंशावळही पोरकी होते, हे त्या पाहणीत जवळून दिसले. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नांदेड-लातूरच्या घरांत आज जी वंशावळ कागदावर उतरते आहे, तीत पणजीचे नाव क्वचितच सापडते. दाखल्याला त्याची गरज नसते. पेशीतील मायटोकाँड्रियाचा डीएनए मात्र आईकडूनच लेकरांना मिळतो आणि लेकीमार्फतच पुढे जातो. आजीची आजी कोणत्या गावची, याचा माग त्यात असतो, पण गावाचे नाव नसते. ते नाव घरातील थोरल्या माणसांच्या स्मरणात आहे. इरावतीबाई गावात गेल्या की माहेर, सासर, मामाचे गाव, आत्याचे घर, सारे विचारून लिहून घेत. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती नावे विचारून ठेवावीत. त्यासाठी नळीची गरज नाही आणि तहसीलची पायरीही चढावी लागत नाही.