बेकलँड : रेझिनवाला बाप माणूस

गेल्या सुट्टीत मी विमानाचं रेझिनचं मॉडेल किट आणलं. प्लॅस्टिकच्या किटला लावतात तीच सिमेंटची ट्यूब लावली आणि रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी पंख हातात! रूममेट पोट धरून हसला. असं का झालं हे शोधता शोधता लिओ बेकलँड भेटला.

बेकलँडचा जन्म १८६३ साली बेल्जियममधल्या गेंट शहरात झाला. वडील जोडे शिवायचे, आई लोकांकडे घरकाम करायची. पोरगं मात्र एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट! (त्या वयात आपण एटीकेटी सोडवत असतो.) १८८९ मध्ये आपल्याच प्रोफेसरच्या मुलीशी लग्न करून तो अमेरिकेला गेला. तिथे त्याने व्हेलॉक्स हा फोटोचा कागद काढला आणि १८९९ मध्ये तो धंदा कोडॅकच्या ईस्टमनला विकला. आता आयुष्यभर आराम करता आला असता. पण त्याने घराजवळच लॅब थाटली.

तेव्हा विजेच्या इन्सुलेशनसाठी लाख लागायची. ती किड्यांपासून मिळायची, बरीचशी भारतातून जायची आणि पुरत नव्हती. बेकलँडने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड घेतलं. याआधीही काही केमिस्टनी ही दोन एकत्र केली होती, पण भांड्याला चिकटणारा, कशातच न विरघळणारा गोळा बघून वैतागून सोडून दिली होती. बेकलँडला वाटलं, विरघळत नाही हाच तर याचा गुण! त्याने बंद भांड्यात उष्णता आणि दाब दोन्ही काबूत ठेवले, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. १९०७ मध्ये बेकेलाइट तयार झालं. एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणजेच आपल्या भाषेत थर्मोसेट.

किटचं रेझिन बहुधा पॉलियुरेथेनचं असतं, पण जात तीच. सिमेंट त्याला विरघळवू शकत नाही, मग जोडणार कसं? साधी किट पॉलिस्टायरिनची असतात. सिमेंटने त्यांच्या दोन्ही कडा विरघळतात आणि एकजीव होतात. म्हणून ज्युनिअर्सनो, पहिलं किट प्लॅस्टिकचंच घ्या. रेझिनवर बारीक काम सुंदर असतं, पण त्याला सुपरग्लू किंवा इपॉक्सीच लागतं. घासताना पॉलिश पेपर ओला करा आणि तोंडाला मास्क लावा, ती पावडर छातीत जाऊ देऊ नका.

बेकलँड १९४४ मध्ये वारला. घरी गेलात की कुकरची काळी दांडी जरा नीट बघा. इतरांनी फेकून दिलेलं त्याने उचललं, म्हणून ती आज आपल्या हातात आहे.

माझा पंखही शेवटी सुपरग्लूने बसला. थोडा वाकडाच, पण बसला!