पुण्यतिथी विशेष : बैलगाडीतून फिरणारा बिशप, डोर्नकलच्या अझरय्यांची गोष्ट

बल्लारशाहवरून चेन्नईकडे निघालेली रेल्वे वारंगळ, महबूबाबाद मागे टाकते आणि डोर्नकल नावाचं जंक्शन येतं. चंद्रपूर भागातले कितीतरी लोक तिरुपतीला, चेन्नईला दवाखान्याला नाहीतर कामधंद्याला जाताना इथून जातात. गाडी थोडा वेळ थांबते, चहावाला येतो-जातो, गाडी सुटते. या गावात एक मोठा माणूस राहून गेला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

त्यांचं नाव वेदनायगम सॅम्युएल अझरय्या. इंग्रजांचं राज्य असताना अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले ते हेच. १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकललाच त्यांचं निधन झालं.

नवसाचा मुलगा

अझरय्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ चा. गाव वेल्लालनविलाई, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली भागातलं. ताडाची झाडं, लाल माती आणि पाण्याची टंचाई असलेला हा मुलूख. घर नाडार समाजाचं. ताडावर चढून रस काढणं हा या समाजातल्या अनेकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, आणि वरच्या जाती त्यांना जवळ करत नसत. वडील थॉमस वेदनायगम हे गावच्या अँग्लिकन मंडळीचे पाळक होते.

आई एलेन यांना मुलगा हवा होता. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर तो झाला. बायबलमध्ये हन्ना नावाच्या बाईने देवाकडे मूल मागितलं आणि झालेल्या मुलाचं नाव सॅम्युएल ठेवलं, अशी कथा आहे. तेच नाव या मुलाला मिळालं.

१८८९ मध्ये वडील गेले. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. आई कडक शिस्तीची आणि घरात प्रार्थनेचा नेम. सकाळ-संध्याकाळ बायबल वाचायचं, गावातल्या आजारी-अडल्यासाठी देवाकडे मागायचं, त्यात खंड नाही. वारकऱ्यांच्या घरात हरिपाठ जसा चुकत नाही, तसंच ते. हा नेम त्यांच्यासोबत शेवटपर्यंत राहिला.

पुढे ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गेले. गणित त्यांचा आवडीचा विषय. पण ऐन परीक्षेच्या वेळी आजारपण आलं आणि पदवी काही हाती आली नाही. गंमत अशी की याच माणसाला पुढे १९२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाने मानाची डॉक्टरेट दिली.

आपलं काम आपणच करायचं

१८९५ पासून चौदा वर्षं ते वायएमसीए या तरुणांच्या संघटनेचं काम करत होते. १८९८ मध्ये अन्बू यांच्याशी लग्न झालं. त्या काळात कॉलेजपर्यंत शिकलेल्या दक्षिणेतल्या मोजक्या ख्रिस्ती मुलींपैकी अन्बू एक होत्या. पुढचं सगळं आयुष्य दोघांनी जोडीने काम केलं.

१९०२ मध्ये अझरय्या श्रीलंकेत जाफन्याला गेले. तिथल्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी बाहेरच्या पैशाची वाट न पाहता स्वतःची संस्था काढली होती. ते पाहून त्यांच्या डोक्यात विचार सुरू झाला. तिरुनेलवेलीत एवढ्या मंडळ्या आहेत, मग आपण अजून किती दिवस इंग्रजांच्या तोंडाकडे बघायचं? १९०३ मध्ये पालयमकोट्टै इथे भारतीयांनीच चालवलेली, भारतीयांच्याच पैशावर उभी असलेली मिशनरी संस्था सुरू झाली. १९०५ मध्ये बंगालमध्ये सेरामपूर इथे अशीच एक देशपातळीवरची संस्था स्थापन झाली. दोन्हींत अझरय्या पुढे होते.

तिरुनेलवेलीच्या संस्थेने पहिलं काम धरलं ते निजामाच्या राज्यात. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानाचा हा तेलुगू मुलूख. इथे वेठबिगार चालायची. माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक जमीनदाराच्या वावरात राबत आणि कर्जात जन्मून कर्जातच मरत.

दुसऱ्यांना तिकडे पाठवायचं आणि आपण मद्रासच्या कचेरीत बसायचं, हे अझरय्यांच्या मनाला पटेना. १९०९ मध्ये नोकरी सोडून त्यांनी धर्मसेवेची दीक्षा घेतली आणि ते डोर्नकलला आले. वय पस्तीस. तमिळ माणूस, तेलुगू येत नव्हती. ती त्यांनी शिकून घेतली.

एडिंबरोचं भाषण

१९१० मध्ये स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनरींची मोठी परिषद भरली. प्रतिनिधी बाराशेच्या आसपास, त्यातले जवळपास सगळे गोरे. आशियातून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत अझरय्या होते.

आभार मानून ते खाली बसतील, असं अनेकांना वाटलं असेल. तसं झालं नाही. मिशनरी भारतासाठी पैसा देतात, कष्ट करतात, जीवही देतात, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण बरोबर काम करणाऱ्या भारतीय माणसाला ते बरोबरीचा मित्र मानत नाहीत, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. हात मिळवायला, घरी जेवायला बोलवायलासुद्धा काहींना जड जातं, ही तक्रार त्यांनी भर सभेत मांडली. सभागृहात काही जण अस्वस्थ झाले, काहींना राग आला. पण बोललेलं खोटं आहे, असं म्हणणं कठीण होतं. ते भाषण आजही चर्चच्या इतिहासात आठवलं जातं.

बिशपपद आणि विरोध

बिशप म्हणजे एका मोठ्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांचा आणि पाळकांचा प्रमुख. तोवर भारतात हे पद अँग्लिकन चर्चने फक्त गोऱ्यांनाच दिलं होतं. मद्रासचे इंग्रज बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी अझरय्यांचं नाव पुढे केलं, तेव्हा कुरबुर सुरू झाली. भारतीयाच्या हाताखाली इंग्रज पाळक कसे काम करणार, असा काहींचा सवाल. तिरुनेलवेलीतल्या आपल्याच काही लोकांनीही विरोध केला, त्यामागे जातीपातीची जुनी भांडणं होती.

तरी २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये अझरय्यांचा अभिषेक झाला. सुरुवातीला डोर्नकलचा प्रांत लहानच होता. १९२० नंतर कृष्णा भागातल्या मोठ्या तेलुगू मंडळ्या त्याला जोडल्या गेल्या आणि इंग्रज पाळकही त्यांच्या अधिकाराखाली आले.

गावोगावची संध्याकाळची प्रार्थना

बिशप म्हटलं की बंगला आणि मोटार डोळ्यांपुढे येते. अझरय्या बैलगाडीतून नाहीतर सायकलवरून फिरायचे. अन्बूही बरोबर असायच्या. गावात मुक्काम, गावकऱ्यांशी बोलणं, बायकांशी अन्बूंनी बोलणं, मग पुढचं गाव. वर्षातले कित्येक महिने असेच जायचे.

गावात चर्च म्हणजे बहुतेक ठिकाणी एक मातीची खोपी. दिवसा तीच शाळा, संध्याकाळी तेच देऊळ. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून आलेले बाया-गडी अंधार पडल्यावर तिथे जमायचे. अक्षरओळख नसलेल्यांची संख्या मोठी, म्हणून प्रार्थना आणि दहा आज्ञा तोंडपाठ करून घेतल्या जायच्या. तेलुगू चालीची गाणी म्हटली जायची. हे सगळं गावचा मास्तर चालवायचा. तोच मुलांना शिकवायचा, तोच कुणी आजारी पडलं तर धावून जायचा.

अँग्लिकन परंपरेत पाळकाने रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रार्थना करायची असते. त्यात आपल्या भल्याबरोबर दुसऱ्याच्या भल्याचं मागणं येतं. आजारी माणसं, राज्यकर्ते, बिशप, पाळक आणि सगळी मंडळी यांच्यासाठी मागायचं. आजही अनेक ठिकाणी रोज एकेका मंडळीचं नाव घेऊन, तिथल्या पाळकासाठी आणि लोकांसाठी प्रार्थना करायचा क्रम ठरलेला असतो. आज या गावाची पाळी, उद्या त्या गावाची. असं करत वर्षभरात एकही गाव सुटत नाही.

ज्या माणसाला गावात कुणी नावाने हाक मारत नव्हतं, जातीनेच ओळखत होतं, त्याच्या वस्तीसाठी कुणीतरी देवाजवळ शब्द टाकतं आहे, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

नुसती प्रार्थना नव्हे

प्रार्थना झाली की काम संपलं, असं अझरय्यांनी कधी मानलं नाही. घाण, रोगराई, कर्ज आणि दारू हे खेड्याचे चार शत्रू, असं ते गावोगाव सांगायचे. त्यांच्या भागात शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, सहकारी सोसायट्या निघाल्या, छापखाने चालले. सावकाराच्या तावडीतून माणूस सुटल्याशिवाय त्याची मान ताठ होणार नाही, हे त्यांना कळत होतं.

दान देणं हे गरिबाचंही काम आहे, यावर त्यांचा जोर होता. बाया रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीसाठी ठेवायच्या. सुगी झाली की उत्सव व्हायचा आणि लोक धान्य, भाजीपाला, कोंबड्या घेऊन यायचे. देणारे बहुतेक मजूर. पण आपलं देऊळ आपल्या घामाचं, ही भावना त्यातून आली.

१९३५ पर्यंत डोर्नकलच्या प्रांतात सुमारे २५० भारतीय पाळक आणि दोन हजारांवर गावमास्तर काम करत होते. १९१२ मध्ये सुमारे ५६ हजार असलेली मंडळींची संख्या १९४१ पर्यंत सव्वादोन लाखांवर गेली.

सगळं गोड होतं असं नाही. माला आणि मादिगा एकमेकांच्या हातचं पाणी घेत नसत. बाप्तिस्मा घेतला म्हणून ते एका दिवसात सुटलं नाही. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन आणि एकाच पंगतीत जेवण, हा अझरय्यांचा आग्रह होता. कुठे तो मानला गेला, कुठे नाही. चर्चमधून जात पुरती गेलेली नाही, हे त्यांनी लपवलं नाही.

गांधीजी आणि बाबासाहेब

गांधीजींशी त्यांचा मतभेद झाला. अस्पृश्यांनी मोठ्या संख्येने धर्म बदलणं गांधीजींना मान्य नव्हतं, तर तो त्या माणसांचा हक्क आहे, असं अझरय्यांचं मत. पण ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ नकोत, ते देशापासून तुटता कामा नयेत, हेही अझरय्याच सांगत होते.

१९३५ मध्ये नाशिक जिल्ह्यात येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्यानंतर बाबासाहेब आणि अझरय्या यांच्यात झालेल्या बोलण्याची आठवण चर्चच्या इतिहासात सांगितली जाते. बाबासाहेबांचा सवाल सरळ होता. आमचा समाज देशभर एक आहे, ख्रिस्ती झालो तर एकच राहू, की तुमच्या वेगवेगळ्या पंथांत वाटले जाऊ? अझरय्यांना याचं उत्तर देता आलं नाही. त्यांना याची फार शरम वाटली, असं सांगतात.

सगळ्या चर्चनी एक व्हावं, हा त्यांचा ध्यास तसा जुना होता. १९१९ मध्ये तरंगमबाडीला झालेल्या बैठकीपासून ते त्यासाठी झटत होते. बाबासाहेबांच्या सवालाने ती जखम आणखी खोल गेली.

घुमट, मिनार आणि क्रूस

डोर्नकलचं कॅथेड्रल बांधायला जवळपास पंचवीस वर्षं लागली. ६ जानेवारी १९३९ रोजी ते उपासनेसाठी खुलं झालं. लांबून पाहिलं तर मशिदीसारखे घुमट आणि मिनार दिसतात, आत गेलं की दक्षिणेतल्या मंदिरांसारखे खांब, आणि समोर क्रूस. विलायती नमुना उचलून आणायचा नाही, इथल्या मातीतलं बांधायचं, हा अझरय्यांचा हट्ट होता.

१९४४ च्या अखेरीसही ते खेड्यांच्या दौऱ्यावर होते. वय सत्तर. तिथून ताप घेऊनच परतले आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी गेले.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये दक्षिण भारतातली अनेक चर्च एक झाली. ज्यासाठी ते पंचवीस वर्षं झटले, तो दिवस पाहायला अझरय्या नव्हते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात उत्तर भारतातल्या चर्चची एकी झाली. महाराष्ट्रातल्या जुन्या अँग्लिकन मंडळ्या त्यातच सामील झाल्या.

डोर्नकलचं कॅथेड्रल आजही उभं आहे. पुढच्या खेपेला चेन्नईच्या गाडीत बसलात आणि वारंगळनंतर हे जंक्शन आलं, तर खिडकीतून गावाकडे एकदा नजर टाकायला हरकत नाही.