मलिक अंबर : विकला गेलेला आणि विकत घेणारा

माणसाची किंमत किती? आज हा प्रश्न नुसता ऐकला तरी अंगावर काटा येतो. परंतु साडेचारशे वर्षांपूर्वी तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात तो रोज विचारला जात असे, आणि त्याचे उत्तर रोख पैशांत दिले जात असे. त्याच बाजारात हबसाण देशातल्या, म्हणजे आजच्या इथिओपियातल्या, एका मुलाची किंमत ऐंशी गिल्डर ठरली. ही नोंद पुढे एका डच व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. त्या मुलाचे नाव चापू. हाच चापू पुढे मलिक अंबर या नावाने दख्खनच्या इतिहासात अजरामर झाला. ज्या शहराला आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो त्याचा पाया घालणारा, दिल्लीच्या बादशहाला पाव शतक झुंजवणारा आणि शहाजीराजे ज्याच्या बाजूने रणांगणात उतरले, तो हा पुरुष.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. मोख्याहून तो बगदादला गेला. तेथील मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. पोराची बुद्धी पाहून मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, मुसलमान केले आणि अंबर हे नाव दिले. नाव, धर्म, भाषा, देश, सारेच बदलले. बदलली नाही ती एकच गोष्ट : तो दुसऱ्याच्या मालकीचा होता. १५७० नंतरच्या काही वर्षांत तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. विशेष असे की, हा चंगीजखान स्वतःच हबशी होता आणि तोही एके काळी गुलामच होता. त्याच्या पदरी असे सुमारे एक हजार हबशी गुलाम होते.

येथे आपल्या परभणी जिल्ह्याच्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिका आणि अमेरिका येते. परंतु ज्या निजामशाहीची अंबरने चाकरी केली, तिचे मूळ आपल्या पाथरीत आहे. फिरिश्ता या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे, पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला एक मुलगा विजयनगरच्या मुलखातील लढाईत बहामनी फौजेच्या हाती लागला. सुलतानाच्या गुलामांत तो वाढला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने बहामनी दरबारात वजीरपदापर्यंत चढला. त्याच्याच मुलाने, मलिक अहमदने, १४९० मध्ये अहमदनगरची गादी स्थापली. म्हणजे एका गुलामाच्या मुलाने राज्य उभे केले आणि दुसऱ्या गुलामाने ते पडत असताना सावरून धरले! दख्खनमध्ये लढाईसाठी ठेवलेला गुलाम बहुधा मालक मेल्यावर मोकळा होई. तो सरदार होऊ शके, जहागीर मिळवू शके. ही रीत अमेरिकेतल्या मळ्यांवरच्या गुलामगिरीहून वेगळी होती. पण वेगळी होती म्हणून ती गोड होती, असे मात्र कोणी समजू नये.

१५७५ च्या आसपास चंगीजखान मारला गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मोकळा तर झाला, पण पोटाचे काय? पुढची वीस वर्षे त्याने शिपाईगिरी केली. विजापूरच्या आदिलशाहीतही तो राहिला. तेथेच त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५ मध्ये तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते. त्याच सुमारास मोगलांचा पहिला वेढा पडला आणि चांदबिबीने तो शौर्याने परतवला. मात्र १६०० साली चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाले असेच सगळ्यांना वाटले. अंबरला तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातला एक मुलगा शोधला, परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशहा म्हणून त्याला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. त्या दिवसापासून मरेपर्यंत राज्याची सूत्रे अंबरच्या हाती राहिली.

मोगलांचे सैन्य अफाट. समोरासमोर उभे राहिले तर निभाव लागणे शक्य नव्हते. म्हणून अंबरने मराठा स्वारांच्या तुकड्या जमवल्या, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, असे तंत्र चालवले. १६१० च्या सुमारास त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी लोक असल्याचे एका इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. मालोजी भोसले यांच्या घराण्याचा उत्कर्ष याच निजामशाहीत झाला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या तेव्हा अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि दोन्ही फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत कामी आले. गनिमी काव्याचे जे बीज पुढे सह्याद्रीत फोफावले, त्याची एक पेरणी अशी भातवडीच्या चिखलात झालेली आहे.

जहांगीर बादशहाला हा हबशी इतका सलत होता, की त्याच्या दरबारच्या अबुल हसन या चित्रकाराने एक चित्रच काढले. त्यात अंबरचे मुंडके भाल्यावर टोचलेले आहे आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला हे कधीच साधले नाही. अंबर १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, वार्धक्याने मेला.

अंबर केवळ तलवारबहाद्दर नव्हता. जमिनीची मोजणी करून, तिचा कस पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने घातली आणि साऱ्याचा मक्ता देण्याची रयतेला लुबाडणारी चाल मोडली. खडकी नावाच्या लहानशा गावाचे त्याने १६१० च्या सुमारास शहर केले. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभारला. हर्सूलच्या बाजूने जमिनीच्या पोटातून नळ आणून त्याने शहराला पाणी दिले. तीच नहर-ए-अंबरी. हीच खडकी पुढे औरंगजेबाच्या काळी औरंगाबाद झाली आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर.

आता या चरित्राची दुसरी बाजू. जो स्वतः बाजारात विकला गेला होता, त्या अंबरने हाती सत्ता येताच आपल्या फौजेसाठी हबशी गुलाम विकत घेतले. ज्या बोटींतून तो आला होता तसल्याच बोटींतून आलेली पोरे त्याच्या पहाऱ्यावर उभी राहिली. बहुतेक चरित्रांत हे वाक्य ओझरते येते आणि जाते.

गेल्या वर्षी आमच्या इतिहास विभागाची सहल गेली होती. चुडाव्याहून पहाटेच्या गाडीने निघून आम्ही भडकल दरवाजा पाहिला, खुलताबादला अंबरची घुमटाची कबर पाहिली. परतताना गाडीत मोठा वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे, की ज्याने माणसे विकत घेतली त्याच्या स्मारकापुढे आपण हात का जोडावेत? त्याने ब्रिस्टलचे उदाहरण दिले. इंग्लंडमधल्या त्या शहरात एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्याचा पुतळा होता. ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीत तो मोठ्या अधिकारावर होता, तिने त्याच्या काळात सुमारे चौऱ्याऐंशी हजार आफ्रिकन माणसे गुलाम म्हणून नेली आणि त्यांतली सुमारे एकोणीस हजार वाटेतच मेली. ७ जून २०२० रोजी लोकांनी तो पुतळा पाडून बंदरात ढकलला. आज तो तिथल्याच संग्रहालयात, अंगावरच्या रंगासकट, आडवा ठेवलेला आहे. दुसरा मित्र म्हणाला, की काळच तसा होता, अंबरला दोष देऊन काय उपयोग?

मला दोघांचेही पटले नाही. काळच तसा होता हे वाक्य मी घरी पुष्कळदा ऐकले आहे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी अकरा वर्षे एका घरी सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे, थोडी ज्वारी आणि थोडे पैसे. लग्नाची, आजारपणाची उचल फिटायची नाही, म्हणून पुढच्या पाडव्याला पुन्हा तेच घर. ही गुलामगिरी नव्हे, हे मी जाणतो. आबांना कोणी बाजारात उभे केले नव्हते. पण उचल फिटेपर्यंत दुसऱ्याच्या दारी कामाला जाण्याची त्यांना मुभा नव्हती, आणि अशाच बांधिलकीविरुद्ध देशाला १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा करावा लागला. त्या मालकाच्या शेतात एक मोठी बांधीव विहीर आहे. तिच्या दगडावर मालकाचे नाव कोरलेले आहे. ती खोदली आबांनी आणि आणखी चौघांनी, दोन उन्हाळे सुरुंग लावून. काळच तसा होता असे मालकाच्या घरचे म्हणतात. आबा तसे कधी म्हणाले नाहीत. काळ कसा होता हे विकत घेणाऱ्याला विचारून भागत नाही, विकल्या गेलेल्यालाही विचारले पाहिजे. आणि अंबर तर दोन्ही होता! त्याला गुलामीची चव ठाऊक होती, म्हणून त्याचा दोष हलका होत नाही, उलट जड होतो.

मग दरवाजा पाडावा काय? मी आबांना विहिरीबद्दल हेच विचारले. तो दगड काढून टाकावा असे तुम्हाला वाटते का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की दगड काढला तर विहीर कोणी खणली हे विचारायलासुद्धा कोणी उरणार नाही, त्यापेक्षा खाली आमचीही नावे घाला.

मला वाटते, स्मारकांचा निवाडा करायला आबांचे हे उत्तर पुरेसे आहे. स्मारक कशासाठी उभे केले आणि ते काय झाकते, हे दोन प्रश्न विचारावेत. कोल्स्टनचा पुतळा त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, १८९५ मध्ये, तो मोठा दानशूर म्हणून उभारला. ते दान कुठल्या पैशातून आले याचा त्यावर शब्द नव्हता. तो पुतळा म्हणजे झाकणच होते. ते चौकातून हलले आणि संग्रहालयात गेले, हे योग्यच झाले. आपल्या मुंबईतही काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड बादशहा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. त्यामुळे इतिहास पुसला गेला नाही. लोक त्या जागेला अजून काळा घोडाच म्हणतात. भडकल दरवाजा तसा नाही. तो लढाईची खूण आहे. नहर ही पाण्याची वाट आहे. ती बांधणाऱ्या हातांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि त्यांच्या श्रमाची दुसरी खूणही फारशी नाही. दरवाजा पाडला तर अंबरचा दोष धुतला जाणार नाही, त्याच्या गुलामांची शेवटची खूण मात्र जाईल. शिवाय ऐंशी गिल्डरांना विकलेला एक पोर बादशहाला भारी पडला, हेही त्याबरोबर पुसले जाईल. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलांना ही गोष्ट हवी आहे.

म्हणून दरवाजा राहू द्यावा, परंतु त्याच्या फलकावर पुरते लिहावे. हा माणूस विकला गेला होता, त्याने राज्य राखले, शहर वसवले, पाणी आणले, आणि त्यानेही माणसे विकत घेतली, ही पाचही वाक्ये एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. मुलांनी ती वाचावीत आणि मास्तरांना प्रश्न विचारावेत.

भडकल दरवाजाजवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. ज्या राज्यघटनेच्या मसुद्याला त्यांनी आकार दिला, तिच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंवर बंदी घातली. गुलाम असून सेनापती झालेल्या माणसाने कमानी उभारल्या, पण बाजार मोडला नाही. बाजार मोडायला कायदा लागला आणि त्यामागे उभे राहणारे लोक लागले. त्या चौकात दरवाजा आणि पुतळा दोन्ही आहेत तोवर पाहणाऱ्याला ही तुलना आपोआप करता येते. आम्ही मात्र विहिरीच्या दगडाखाली पाच नावे कोरण्यासाठी येत्या पाडव्याला मालकाच्या घरी विचारायला जाणार आहोत. आबा सोबत येणार आहेत.