जेन्नर यांचे गुरू: देवीच्या लशीमागचा शिक्षक

घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांचा हात एकदा नीट पाहा. दंडावर किंवा मनगटाच्या वर गोल, खोलगट, चकचकीत वण दिसतील. त्यांना विचारलंत तर ते सांगतील, लहानपणी देवी काढल्या त्याच्या या खुणा. (तुमच्या स्वतःच्या डाव्या दंडावर एकच लहान वण असेल, तर तो बहुधा क्षयरोगाच्या बीसीजी लशीचा आहे. ती लस वेगळी.)

देवीची लस शोधणारे डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांचं नाव तुम्ही शाळेत वाचलं असेल. त्यांच्या गुरूंबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी नुकती कामाला लागली असेल, किंवा घरात कुणाला हृदयविकार असेल, तर ही हकिगत तुमच्यासाठीच आहे.

पोरका मुलगा आणि उमेदवारी

जेन्नर यांचा जन्म १७४९ साली इंग्लंडमधल्या बर्कली या गावी झाला. पाचव्या वर्षी आईवडील गेले आणि थोरल्या भावंडांनी त्यांना वाढवलं. आठव्या वर्षी त्यांना खऱ्या देवीचीच लस टोचली. तेव्हा तीच पद्धत होती. रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी मुलाला टोचायचा आणि आजार सौम्य यावा अशी आशा करायची. त्याआधी या मुलाला उपाशी ठेवलं, त्याचं रक्त काढलं आणि इतर मुलांबरोबर तबेल्यात ठेवलं. ते दिवस जेन्नर कधी विसरले नाहीत.

चौदाव्या वर्षाच्या आसपास ते एका गावठी सर्जनकडे उमेदवारीला लागले. हाड बसवणं, जखम शिवणं, औषध कुटणं हे सगळं तिथे ते शिकले. हात तयार झाला, पण प्रश्न विचारायला शिकवणारा अजून भेटला नव्हता.

हंटर यांच्या घरी

१७७० मध्ये, २१ व्या वर्षी, जेन्नर लंडनला जॉन हंटर यांच्याकडे गेले. हंटर तेव्हा ४२ वर्षांचे होते आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयात सर्जन होते. स्वभावाने तापट आणि बोलायला फटकळ. पुस्तकात लिहिलंय म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची, हे त्यांना मान्य नव्हतं. माणसांची आणि प्राण्यांची शरीरं ते स्वतः उघडून पाहत. जेन्नर त्यांच्या घरीच राहिले. सुमारे दोन वर्षं त्यांनी दिवसा रुग्ण पाहिले आणि उरलेल्या वेळात शवविच्छेदन केलं.

तिथे त्यांना एक सवय लागली. नुसता तर्क करत बसायचं नाही, करून पाहायचं, मोजायचं आणि लिहून ठेवायचं.

पुढे हंटर यांनी लंडनमध्ये सोबत काम करायला बोलावलं, पण जेन्नर गावीच राहिले. गुरू रागावले नाहीत. पत्रं मात्र वीसेक वर्षं चालू राहिली. हंटर पत्रातून कामं सांगत. हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी हिवाळ्यात झोपतो, तेव्हा त्याच्या अंगाचं तापमान किती असतं ते मोजून कळव, असं एक काम होतं. जेन्नर यांचा प्रेमभंग झाला तेव्हाही हंटर यांनी थोडक्यात समजूत घातली आणि पुन्हा हेजहॉगच्या कामाला लावलं.

या शिकवणीचा कस कुक्कू पक्ष्याच्या अभ्यासात लागला. कोकिळेसारखाच हा पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो. मग त्या घरट्यातली मूळची पिल्लं बाहेर कोण टाकतं? जेन्नर यांनी एक निष्कर्ष लिहून पाठवला. पुन्हा निरीक्षण केल्यावर तो चुकीचा निघाला, म्हणून त्यांनी लेख परत घेऊन नव्याने लिहिला. नुकतं जन्मलेलं कुक्कूचं पिल्लूच इतरांना पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, असं त्यांनी दाखवलं. हा लेख १७८८ मध्ये छापून आला आणि पुढच्या वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं.

जे गुरूंना सांगता आलं नाही

छातीत दाबल्यासारखं दुखतं, चालताना किंवा रागावल्यावर वाढतं, थांबल्यावर कमी होतं, या त्रासाला आपण अंजायना म्हणतो. तेव्हा त्याचं कारण माहीत नव्हतं. अशा एका रुग्णाचं शवविच्छेदन करताना जेन्नर यांच्या सुरीला हृदयात काहीतरी कडक लागलं. छताचा चुना पडला की काय म्हणून त्यांनी वर पाहिलं. नीट तपासल्यावर कळलं, की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याच हाडासारख्या टणक झाल्या होत्या.

नेमका हाच त्रास हंटर यांना होता. जेन्नर यांनी तो ओळखला आणि गुरूंच्या हृदयात काय चाललं असेल हेही त्यांना कळलं. पण त्या काळात यावर इलाज नव्हता. सांगितलं असतं तर हंटर यांची काळजी वाढली असती, दुसरं काही साधलं नसतं. म्हणून जेन्नर गप्प राहिले. हंटर हयात असेपर्यंत त्यांनी हा शोध जाहीरही केला नाही.

राग आला की दुखणं उसळतं, हे हंटर स्वतः जाणून होते. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला. ते बाहेर आले, कोसळले आणि गेले. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या टणक झालेल्या आढळल्या.

तीन वर्षांनंतर

गाईच्या देवीचे फोड हातावर येऊन गेलेल्या गवळणींना खरी देवी येत नाही, अशी समजूत त्या भागात होतीच. १४ मे १७९६ रोजी जेन्नर यांनी ती तपासली. सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्यांनी आठ वर्षांच्या जेम्स फिप्स याला टोचला. काही आठवड्यांनी त्याला खरी देवी टोचली, पण आजार झाला नाही. लहान मुलावर असा प्रयोग करायला आजचे नियम परवानगी देणार नाहीत, हेही सांगायला हवं.

१७९८ मध्ये त्यांनी या नोंदी पुस्तकरूपात छापल्या. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली. भारतातलं ते पहिलं यशस्वी लसीकरण होतं. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं.

तुमच्यासाठी

घरातल्या तरुणाला चांगला गुरू कसा ओळखायचा असा प्रश्न पडला असेल, तर हंटर यांच्याकडे पाहा. त्यांनी शिष्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला शिकवलं, शिष्य दूर गेल्यावरही त्याला कामाला लावलं आणि त्याने आपला मार्ग निवडला म्हणून राग धरला नाही.

आणि घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर जेन्नर यांच्या मौनाचा विचार करा. बाबांना काही सांगू नका डॉक्टर, असं आम्हाला नेहमी ऐकावं लागतं. त्यामागची माया कळते. पण जेन्नर गप्प राहिले ते इलाज नव्हता म्हणून. आज ईसीजी, अँजिओग्राफी, गोळ्या, स्टेंट, बायपास हे सगळं आहे. रुग्णाला आजार माहीत असेल तरच तो गोळ्या वेळेवर घेईल आणि छातीत दुखलं तर अंगावर काढणार नाही.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, दरदरून घाम असं काही झालं आणि काही मिनिटं बसूनही थांबलं नाही, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.