पालकांचा हक्क आणि सयाजीराव महाराज

मुलास शाळेत धाडावे की न धाडावे, हे ठरविण्याचा अधिकार आईबापांचा की राज्याचा? शिक्षणाची चर्चा निघाली की हा प्रश्न आजही पुढे येतो. आम्हां बडोदेकरांस त्याच्या उत्तरासाठी दूर जावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या चरित्रात ते आहे.

महाराजांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले, तेव्हा १२ वर्षांच्या या मुलास अक्षरओळखही नव्हती. इलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

नुसत्या शाळा उघडून भागत नाही; घरच्यांच्या मर्जीवर सोडले तर गरिबाचा मुलगा शेतावर आणि मुलगी चुलीपाशीच राहते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत त्यांनी सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. १९०६ साली तो कायदा सर्व राज्यास लागू झाला. मुलांसाठी ७ ते १२ व मुलींसाठी ७ ते १० ही वयोमर्यादा होती. कसूर करणाऱ्या पालकास दंड होई.

ज्या घरी मुलाच्या हातभाराशिवाय चूल पेटत नाही, त्या घरास हा दंड जाचक वाटावा, हे आम्हांस समजते. तरीही आम्ही महाराजांच्याच बाजूने कौल देतो. कारण या वादात ज्याचे सारे आयुष्य पणास लागते, त्या बालकास बोलताच येत नाही.

नामदार गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडिले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यापुढे होता. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. महाराज १९३९ साली निवर्तले. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात २००९ साली झाला.

शाळा कोणती, माध्यम कोणते, हे आईबापांनी अवश्य ठरवावे. परंतु मुलास निरक्षर ठेवण्याचा हक्क कोणासही नाही, हा महाराजांचा धडा आम्ही विसरता कामा नये.