योहान केप्लर व आठ कलांचा फरक

इ. स. १५७७ च्या अखेरीस युरोपच्या आकाशात एक मोठा धूमकेतू दिसू लागला. आता राजा मरेल, दुष्काळ पडेल, साथ येईल, असे लोक भीतीने बोलू लागले. त्या दिवसांत जर्मनीतील एका बाईने आपल्या सहा वर्षांच्या आतील मुलाला एका उंच जागी नेऊन ते शेंडेनक्षत्र दाखविले. त्या मुलाचे नाव योहान केप्लर. आकाशातील ज्योती नियमाने चालतात, आणि तो नियम मनुष्याच्या बुद्धीस कळू शकतो, हे ज्यांनी जगास दाखविले, त्यांत पुढे याची गणना झाली.

केप्लर याचा जन्म ता. २७ डिसेंबर १५७१ रोजी वाइल नावाच्या लहान नगरात झाला. बाप भाडोत्री शिपाई होता; तो पुढे घर सोडून गेला तो परत आला नाही. लहानपणी देवी आल्यामुळे मुलाची दृष्टी कायमची अधू झाली. तथापि तो हुशार असल्यामुळे त्यास विद्यावेतन मिळाले, आणि पाळक व्हावे या हेतूने तो ट्यूबिंगेन येथील विद्यापीठात शिकू लागला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकस याचे मत इ. स. १५४३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले होते. ते त्यास तेथील गुरू मेस्टलिन यांजकडून समजले. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच, इ. स. १५९४ मध्ये, त्यास ग्राट्झ येथे गणिताचा शिक्षक म्हणून पाठविण्यात आले. पाळकपण अंतरले म्हणून त्यास प्रथम वाईट वाटले. पुढे मात्र त्याची खातरी झाली की, सृष्टीचे नियम शोधणे हीदेखील देवाची सेवाच आहे.

इ. स. १६०० मध्ये, आपला प्रॉटेस्टंट पंथ सोडण्यास तो कबूल होईना, म्हणून त्यास ग्राट्झ सोडावे लागले. तो प्राग शहरी टायको ब्राही या ज्योतिर्विदाकडे गेला. याच ब्राहीने तो धूमकेतू चंद्राच्याही पलीकडे आहे असे मोजून ठरविले होते. दुर्बीण निघण्यापूर्वीच्या त्या काळी त्याच्याइतकी बारीक मोजणी कोणीच केली नव्हती. तो इ. स. १६०१ मध्ये वारला, आणि त्याच्या टिपणांचा ठेवा केप्लरच्या हाती आला.

ग्रह वर्तुळातच फिरले पाहिजेत, असे विद्वान लोक सुमारे दोन हजार वर्षे मानीत आले होते. खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरतो, तशीच ही फेरी, असा समज होता. केप्लरनेही मंगळाचा मार्ग वर्तुळ धरूनच हिशेब केला. तो फार थोडक्यात चुकला : फरक अवघा आठ कलांचा निघाला. चंद्राच्या बिंबाची रुंदी सुमारे तीस कला दिसते. तिच्या चौथ्या भागाएवढा हा फरक. दुसऱ्या कोणी तो मोजणाऱ्याच्या माथी मारला असता. परंतु ब्राहीची मोजणी इतकी चुकणार नाही हे केप्लर जाणून होता. म्हणून त्याने कित्येक वर्षांचे आपले श्रम बाजूस टाकले व पुन्हा प्रारंभ केला.

शेवटी त्यास उत्तर सापडले. जमिनीत दोन खुंट्या रोवून त्यांभोवती दोरीचा सैल फास टाकावा, आणि तो काठीने ताणून धरून रेघ ओढीत जावे, म्हणजे जी आकृती होते तिला लंबवर्तुळ म्हणतात. ग्रहाचा मार्ग असा असून सूर्य एका खुंटीच्या जागी असतो. ग्रह सूर्याजवळ येतो तेव्हा वेगाने चालतो, दूर जातो तेव्हा सावकाश. हे इ. स. १६०९ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रहांस चालविणारी शक्ती सूर्यात आहे असेही त्याने सांगितले. ती चुंबकासारखी असावी हा त्याचा तर्क खरा ठरला नाही. खरे कारण न्यूटन याने इ. स. १६८७ मध्ये मांडले. पण आकाशातील गतीसही कारण शोधावे, हा मार्ग केप्लरनेच दाखविला.

आता त्याच्या आईची हकीकत ऐका. ती झाडपाल्याची औषधे देत असे. तिने दिलेल्या पेयाने आपण आजारी पडलो, असे एका शेजारणीने म्हटले, आणि गावात ती चेटकीण ठरली. इ. स. १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या त्या म्हातारीस पकडून साखळदंडाने बांधले. केप्लर आपले काम सोडून धावला. शेजारणीचे व इतरांचे आजार करणीने नव्हे, स्वाभाविक कारणांनी झाले, हे त्याने एकेक आरोप घेऊन लेखी दाखविले. छळाची हत्यारे समोर ठेवली असताही म्हातारीने खोटी कबुली दिली नाही. सुमारे चौदा महिन्यांनी ती सुटली, आणि पुढच्याच वर्षी वारली.

केप्लर स्वतः जन्मपत्रिकाही करीत असे. काळाच्या सर्वच समजुती त्याने टाकल्या नव्हत्या. एका सिद्धांतावर सही करीना म्हणून त्याच्याच मंडळीने त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविले. तरी त्याने आपला विश्वास सोडला नाही. ता. १५ नोव्हेंबर १६३० रोजी, येणे असलेल्या पैशांसाठी प्रवास करीत असता, तो रेगेन्सबुर्ग येथे मरण पावला. पुढे युद्धात त्याची कबरही नाहीशी झाली. परंतु बुधग्रह सूर्यबिंबावरून जाईल असे त्याने जे आधी वर्तविले होते, ते इ. स. १६३१ च्या नोव्हेंबरात पॅरिस येथे प्रत्यक्ष दिसले.

वाचकहो, लहानशी चूक लपविणे सोपे असते. केप्लरने ती लपविली नाही, म्हणून आकाशाचा नियम सापडला. आणि आकाशात कारण शोधण्याची जी सवय त्यास लागली होती, तिनेच त्याच्या म्हाताऱ्या आईचा जीव वाचविला. आपल्या गावी कोणी आजारी पडल्यावर एखाद्या गरीब विधवेकडे बोट दाखविले जाईल, तेव्हा हा मुलगा आपण आठवावा.